वजा छत्तीस अंशांचं पाणी

हिवाळ्यात मामंजींचा उजवा हात लुळा पडला आणि बेकरीचं मोजमापच गेलं. तीस वर्षं त्यांनी पाण्यात बोट बुडवून पाव आंबवला होता. थर्मामीटरशी त्यांचा संबंध फक्त तापापुरता. मग पीठ मळणं सुनेकडे आलं. उकाडा सुरू झाला, गोळा वेळेआधीच फुगून उतू जाऊ लागला आणि सलग चार दिवस पाव आंबट निघाला.

आजही तसाच निघाला तर उद्यापासून भट्टी पेटवायची नाही, असं मामंजींनी जेवताना सांगितलं. मीठ मागावं इतक्या शांतपणे.

नववीतच गणिताशी काडीमोड घेतलेली सून पेन्सिल घेऊन पोत्यावर बसली. पिठासोबत आलेल्या पुस्तिकेत कामाची ओळ एकच होती,

(पीठ + खोली + पाणी) ÷ ३ = गोळा

आणि आकडे तापमानाचे, तिघांचा वाटा सारखा धरायचा, अशी बारीक टीप. मळलेला गोळा पंचवीस अंशांवर हवा. पीठ एकोणतीस, खोली बत्तीस. पीठ तिचं ऐकणार नव्हतं, खोली तर नाहीच. ऐकणारं एकटं पाणी. म्हणजे त्यालाच बाकीच्यांतून बाजूला काढायचं. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, एवढं शाळेतलं डोक्यात पक्कं होतं, म्हणून तिने धडाधड

पाणी = २५ − २९ − ३२
पाणी = −३६

लिहिलं आणि कपाळाला हात लावला.

मामंजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. "वजा छत्तीस? मग बादली कशाला, कुऱ्हाड घेऊन जा."

तिला हसू आलं नाही. मामंजींच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी स्टूल ओढलं आणि हा तीन कुठे गेला म्हणून विचारलं. राहिला असेल, ती म्हणाली. भागाकारातला आहे, त्याचं चिन्ह काय बदलणार?

"पंचवीस हा एकाचा वाटा आहे ना, सूनबाई? वाटणी झालेल्या घरातून कुणाला बाहेर काढता येतं का? आधी सगळं एकत्र कर. मग ज्याचं त्याला दे."

तिने पेन्सिल पुन्हा उचलली. मग हळूच लिहिलं,

पीठ + खोली + पाणी = २५ × ३
पीठ + खोली + पाणी = ७५

सगळे एका छताखाली आले. आता मात्र एकेकाला निरोप देता येत होता. एकोणतीस गेले. बत्तीस गेले.

पाणी = १४

बर्फ टाकत टाकत तिने बादली चौदावर आणली. मळून झाल्यावर गोळ्यात थर्मामीटर खुपसला: पंचवीस, जरासा वर. मग वाट बघणं. या वेळी गोळा उतू गेला नाही. ठरल्या वेळी, हवा तेवढाच फुगला.

पहिला पाव मामंजींनी डाव्या हाताने मोडला. वास घेतला. बराच वेळ चावत राहिले, इतका वेळ की तिने आधी भट्टीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"उद्या खोली तीस झाली तर पाणी किती?"

"पीठ किती असेल?" तिने विचारलं.

 मामंजी उठले, पोत्याचं तोंड सोडलं, थर्मामीटर आत खुपसला आणि आकडे दिसेनात म्हणून चष्मा शोधायला घरात गेले.