फक्कीची रेघ

माघातली ती सायंकाळ गुळाच्या रंगाची होती. गुऱ्हाळांचा धूर पंचगंगेवर आडवा पसरला होता, ऊन मैदानाच्या तांबड्या मातीत मुरत होतं, आणि त्या तांबूस विस्तारावर वाकून माझी आई पांढरी रेघ ओढत होती.

घमेल्यातली चुन्याची फक्की मुठीतून सुटे, वाऱ्यावर तिरकी होई, मातीला टेके. गुडघा डुगडुगे, रेघ सरळ जाई.

साधा दिवस होता. दुसऱ्या दिवशी तो शेवटचा झाला.

आमच्या मैदानाचा रिवाज असा, की संध्याकाळी ज्या संघाची फक्की आधी पडेल, दिवे लागेपर्यंत मैदान त्याचं. हे कुठे लिहिलेलं नाही, आणि कुणी मोडलेलंही नाही.

आई, यशोधरा मंडलिक, एके काळी राज्याच्या फुटबॉल संघात डावीकडून धावणारी वीज होती. भावाच्या बुटांत कापूस कोंबून धावलेली. तेव्हा मुलींच्या वाट्याला दुपार येई: तापलेली माती, ओस कट्टे, माथ्यावर सूर्य. गुडघा गेला, खेळ सुटला; ती दुपार मात्र तिच्या आत तापतच राहिली. मग ती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली, सभांतून बोलली, साहेबांच्या दारात मुलींना घेऊन बसली. मागणं एवढंच, की पोरींना संध्याकाळ द्या. गार माती द्या, बघणारी माणसं द्या.

संध्याकाळ कुणी दिली नाही. तेव्हा तिने घमेलं उचललं, आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन पोरींच्या संघासाठी संध्याकाळ आखू लागली.

त्या दिवशीही तालमीच्या पोरांच्या संघाचे सर्जेरावमामा आपलं घमेलं घेऊन उशिरानेच पोचले.

"अक्का, एक दिवस तरी आजारी पडा की."

"तुमच्या नशिबात न्हाई ते," आई मान वर न करता म्हणाली.

मी कट्ट्यावर पुस्तक उघडून बसले होते. रेघेच्या आत मी कधी गेले नव्हते. आई विचारायची, "आपल्या मैदानावर येतीस काय?" मी म्हणायचे, "तुझं मैदान, तुझ्या पोरी." त्या दिवशीही तेच म्हणाले. तिने हात झटकले. पांढरी धूळ उडाली, उन्हात क्षणभर सोनेरी झाली, आणि खाली बसली.

पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं.

सुतक फिटेपर्यंत मामांनी मैदान कोरं ठेवलं. कुणालाच फक्की टाकू दिली नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी घर मला बसू देईना. पुस्तक उघडलं, मिटलं. चहा ठेवला, आटून गेला. ऊन भिंतीवरून सरकत होतं, आणि त्याच्या पावलांनी माझ्या आत कुणी येरझारा घालत होतं. दाराशी घमेलं होतं. काठावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे होते. त्या ठशांवर बोटं ठेवून मी ते उचललं.

मैदानाच्या एका टोकाला मामा उभे होते, घमेलं पायाशी. दुसऱ्या टोकाला मुली, बूट हातात. सर्वांत पुढे त्यांची कप्तान, मुस्कान जमादार. फक्की आणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती नेहमी अक्का आणायची.

"अक्कांसाठी थांबलो, पोरी," मामा हळू आवाजात म्हणाले. "आता आमची पोरं थांबायची न्हाईत. कुणाची फक्की?"

मी वाकले. पहिली मूठ वाऱ्याने नेली. दुसरी मातीला लागली. रेघ वाकडी, थरथरती, कुठे जाड, कुठे विरळ. पण तांबड्यावर पांढरी, सुटली नाही, तुटली नाही. मागून बुटांचे आवाज येऊ लागले, एकेक करत, रेघेच्या आत.

शेवटच्या कोपऱ्याआधी घमेलं रितं झालं. मामांनी आपलं पुढे सरकवलं.

"कोपरा ऱ्हायलाय."

त्यांच्या फक्कीने मी कोपरा वळवला. इथेच ती गुडघ्यावर हात टेकून थांबायची. मीही थांबले. धूर नदीवर तसाच, ऊन तसंच, गुळाच्या रंगाचं. पांढरी बोटं मातीवर टेकून मी मोठ्याने म्हणाले,

"आपलं मैदान, आई."