आल्बिनाचे डोळे

वटारच्या आलोशियसकडे अख्ख्या पंचक्रोशीचे चेहरे होते. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत, हा स्टँड घेऊन हजर. पण एकोणऐंशी साली त्याची आई आल्बिना गेली आणि महिन्याच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या दिवशी घरी टेबलावर ठेवायला तिचा एक धड फोटो निघेना. घरात फोटो ढिगाने होते, पण सगळ्यांत डोळे मिटलेले. फ्लॅश उडायच्या आधीच बाई डोळे घट्ट मिटून घ्यायची. तिच्याच शवपेटीभोवती घरच्यांनी उभं राहून काढलेल्या शेवटच्या फोटोतही तिने वेगळं काही केलं नव्हतं.

"फोटोवाल्याच्या आईला फोटो नाही. गाव हसेल आपल्याला," त्याची बहीण मार्था म्हणाली. ती मुळातच तापट. आलोशियसला गावाचं काही नव्हतं. आई कशी दिसायची ते आपल्याकडेच नाही, हे त्याला लागलं होतं.

त्याने बारीक ब्रश काढला आणि एका फोटोवर उघडे डोळे रंगवले. छान उतरले. मार्थाने पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?"

इथे आमच्या मंडळाचं सांगायला हवं. उमेळ्याच्या प्लासिड मास्तरांनी आम्हा हौशी फोटोवाल्यांना जमवलं होतं. रविवारी सकाळी वाडीत नाहीतर मिठागरावर जायचं, उघड्यावरचे फोटो काढायचे, पुढच्या रविवारी ते मास्तरांच्या पडवीत दोरीला चिमट्याने लावायचे आणि एकमेकांचे वाभाडे काढायचे. ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम.

आलोशियसला धंद्याची सवय नडायची. माणूस दिसला की "इकडे बघा". फोटोत पाय कापले तर गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून सगळं डोक्यापासून पायापर्यंत, बरोबर मधोमध. जूचंद्रचा शत्रुघ्न एकदा म्हणाला, "आलोशियस, तुजा माड पन सावधान उबा हाय!" आम्ही पोट धरून हसलो.

मग मास्तरांनी त्याला त्याच्याच घरच्या वाडीत पाठवलं; आल्बिना तेव्हा हयात होती. अट एकच, कोणाला हाक मारायची नाही. आल्बिना केळींना पाणी देत होती. तिने वळून पाहिलं, मार्थाला ओरडून हाक मारली, तेवढ्यात याने बटण दाबलं. फोटोत पाय कापलेले, पदर खोचलेला, तोंड उघडं. मास्तरांनी तो दोरीच्या मधोमध लावला. आलोशियसने नियम मोडला. "वाया गेलेला फोटो आहे हा," म्हणाला, चिमटा ओढला, फोटो तिथेच टाकला आणि चालता झाला. नंतर तो फिरकलाच नाही. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

आई गेल्यावर, मिस्सेच्या आधीच्या रविवारी तो आला. रंगवलेला फोटो दोरीला लावून नियमाप्रमाणे गप्प उभा राहिला. कोणी वाभाडे काढले नाहीत. शत्रुघ्न उठला, मास्तरांच्या कपाटातून तो वाया गेलेला फोटो काढला आणि शेजारी लावला. त्यात डोळे टक्क उघडे होते.

"ही बग तुजी आईस," तो म्हणाला.

आलोशियस आमच्यासमोर ढसाढसा रडला. निगेटिव्ह मात्र त्याने जपून ठेवली होती. मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून फोटो मोठा केला.

मिस्सेहून माणसं घरी आली. टेबलावर फोटो होता, पुढे मेणबत्ती. तोंड उघडं असलेला फोटो लावणार हे मार्थाला कळलं होतं आणि ती भांडायच्या तयारीतच आतून आली. समोर आई ओरडत होती.

"आले गं आय, आले!" तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

घरची माणसं तिच्याभोवती गोळा झाली. आलोशियसने कॅमेरा उचलला. "इकडे बघा" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सगळे आईकडे बघत होते. त्याने बटण दाबलं.