बादशाचा उडता पाय

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर तो माणूस येडा," असं म्हणत सुपडूआबांनी नूतनच्या उंबऱ्यावर बैठक मारली.

सोमवार होता. बमरोलीत दर सोमवारी लाइटची सुट्टी, म्हणून कापड विणणारे सगळे लूम गप. एरवी त्या धडधडाटात माणसं खाणाखुणांनी बोलतात. आज खारीची घरघरसुद्धा ऐकू येत होती. खारी म्हणजे नूतनचं बिस्किटाच्या रंगाचं पिल्लू. अंगात ताप, नाकाडोळ्यांना चिकट घाण. जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, "डिस्टेंपर. लस टोचली नव्हती ना? आता थेट औषध नाही. निम्मे वाचतात, निम्मे जातात. सेवा तेवढी तुमच्या हातात."

सेवा करून नूतन थकली होती. नवरा लखन सचिन गावातल्या कारखान्यात कामावर गेला होता. तिकडची लाइटची सुट्टी वेगळ्या वारी.

"हे म्हणाले, संध्याकाळी खाडीकडं सोडून येतो," ती आबांकडं न बघताच म्हणाली.

"म्हणजे तिकडच्या कुत्र्यांनाही लागण? वा! त्यापेक्षा माझ्या बादशाचं ऐक, नूतन माय. त्यालेही हेच झालं होतं. डॉक्टर म्हणाला, आशा सोडा. मी म्हटलं, सोडायला आधी धरली कुठंय?"

"रडत होते," आबांच्या बायकोनं, उषाबाईनं, शेजारच्या दारातून आवाज दिला. "माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळलं होतं कुत्रं."

"ऊब लागते! डॉक्टरनंच सांगितलं होतं."

"डॉक्टर गोधडी म्हणाले होते."

नूतनला हसू आलं नाही. पण तिनं खारीवरची गोधडी नीट केली.

"फडकं कोमट पाण्यात पिळायचं, नाक मोकळं करायचं," आबांनी वाटी सरकवली. "नाक चोंदलं की वास नाही, वास नाही की भूक नाही. आणि पाणी चमच्यानं, गालाच्या कडेनं. घाई केली की ठसका. मी बादशाले एवढं पाजलं, तुले सांगतो, तापी हातभर उतरली."

नूतन नाक पुसू लागली. "मग वाचला?"

"वाचला! पण मागचा पाय उडत राहिला. झोपेतसुद्धा. खट्, खट्. या आजारात काहींचं राहतं तसं. लोक म्हणाले, बिचारा. बिचारा कसला! माझ्या लूमखाली झोपायचा. सूत तुटलं की त्याचा पाय बरोब्बर हँडलवर. लूम बंद! मी सूत सांधलं की दुसरी लाथ, लूम चालू. शेठ म्हणायचा, सुपडू, तू घरी जा, कुत्रं राहू दे."

खारीची जीभ चमच्याला लागली. घोट खाली गेला. थोड्या वेळानं आणखी एक. आबांनी न बघितल्यासारखं केलं आणि आवाज चढवला.

"एकदा तर मी लूमशेजारीच घोरत पडलो. असाच सोमवार, भर दुपार. अख्खं लूमचं खातं धडधडतंय, आणि बादशानं एकट्यानं कापडाचा पूर्ण ताका उतरवला. कुठं एक तार सुटलेली नाही..."

नूतनचा चमचा हवेतच थांबला. कितीतरी दिवसांनी ती खुदकन हसली, आणि हसता हसता तिनं चमचा पुन्हा भरला.

"खारीला नाही सोडत मी कुठं. पण आबा, सोमवारी तर आपल्याकडं लाइटच नसते! लूम चालला कशावर?"