एक ‘ची’ राहिली

गुलमंडीतल्या नानासाहेबांच्या साड्यांच्या दुकानात तनुजा आठवडाभर कान टवकारून बसली होती. दुकानाच्या नोंदींसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम करून द्यायचा, नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम. नानासाहेबांनी आधीच बजावलं होतं, "लग्नसराई तोंडावर हाय. शनिवारपर्यंत माझ्या माणसांना जमलं तर ठेवतो, नाय तर तुझा ह्यो कॉम्प्युटरचा डबा उचलून ने."

तनुजाची रीत वेगळी. ती स्क्रीन काढत बसत नसे. धंद्यातली माणसं जे शब्द बोलतात आणि जे नियम पाळतात, तेवढे नीट मांडायचे. मग रकाने, बटणं सगळं त्यातून आपोआप उभं राहतं. याचा तिला भारी अभिमान होता.

दुकानातली जुनी गिऱ्हाइकं चार साड्या घरी पसंतीला नेत, एखादी ठेवत, बाकीच्या परत आणत. त्यासाठी दुकानात तीनच शब्द होते: गेली, आली, ठेवली. तनुजानं ते जसेच्या तसे उचलले.

प्रोग्रॅम चालू झाला त्या पहिल्याच दिवशी काउंटरवरचा गोकुळ फिसकन हसला. "ताई, हे बघा. ‘आशाबाई: गेली.’ अवो, धडधाकट हायत की, आत्ताच चहा पिऊन गेल्यात त्या!"

दुकानात म्हणत ‘आशाबाईंची गेली’. तनुजानं मात्र नोंद साडीला न जोडता गिऱ्हाइकाला जोडली होती, त्यात ‘ची’ गळाली. "नुसतं लेबल आहे हो, नंतर बघू," ती म्हणाली. शहाण्या माणसांचं ‘नंतर’ कधी उगवतं का? तिचंही उगवलं नाही.

शनिवारी करमाडचे काकासाहेब पिशवी घेऊन आले. त्यांच्या पत्नी मालनबाई भाचीच्या लग्नासाठी साड्या पसंतीला घेऊन गेल्या होत्या. गोकुळनं सवयीनं नाव घातलं. काउंटरवरची स्क्रीन गिऱ्हाइकालाही दिसायची. तिच्यावर आलं, ‘मालनबाई: गेली’. खाली बटण होतं, ‘आली’.

काकासाहेब बघतच राहिले. "तुमच्या कानावर आलं व्हय? बरं झालं. कसं सांगावं, ह्योच घोर लागला होता मला."

"कधी?" नानासाहेबांनी हळूच विचारलं.

"मंगळवारी. झोपंतच." मग त्यांनी बटणाकडं बोट केलं. "आन् ह्ये ‘आली’ कशाला?"

गोकुळनं माऊसवरून हात काढून घेतला. तनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर खपूनही गेलं असतं, कामही पदरात पडलं असतं. पण तिच्यानं राहवेना.

"काका, आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. साडी गेली असं लिहायचं होतं. मी ते बाईंच्या नावापुढं लिहिलं. गोकुळभाऊंनी सांगूनही बदललं नाही. चुकलं माझं."

काकासाहेब रागावले नाहीत. "खोटं तर नाय ना लिवलं तू," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्या शब्दांनी तिचे डोळे भरून आले.

तिथंच बसून तिनं ती नोंद बाईंच्या नावावरून काढली आणि एकेका साडीला जोडली. स्क्रीन पुन्हा आपोआप उभी राहिली. आता तिच्यावर होतं: मालनबाईंची मोरपंखी, मालनबाईंची डाळिंबी, मालनबाईंची चिंतामणी, मालनबाईंची हिरवी.

काकासाहेबांनी पिशवीतून एकेक साडी काढून दिली. गोकुळ ‘आली’ दाबत गेला. पिशवी रिकामी झाली आणि स्क्रीनवर हिरवी तेवढी राहिली.

"सवाष्ण गेली ना," काकासाहेब म्हणाले. "तीच नेसवली. लई आवडली होती तिला."

गोकुळला काय दाबावं कळेना.

"तिनं ठेवली म्हना की," काकासाहेब म्हणाले.

गोकुळनं बटण दाबलं. ‘मालनबाईंची हिरवी: ठेवली.’ काकासाहेबांनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि रिकाम्या पिशवीची घडी घालून ते उठले.

नानासाहेब त्यांना पायरीपर्यंत सोडून आले. उपरण्यानं डोळे पुसत तनुजाला म्हणाले, "डबा ऱ्हाऊ दे, पोरी, इथंच."