माझी साक्ष कुणी घेतली नाही

मी एक शिकाऊ जेट विमान बोलतोय. नागपुरात वर्धा रोडलगतच्या एका बागेत, चौथऱ्यावर उभा आहे. यानं शत्रूला पळवून लावलं, असं बापमाणसं पोरांना खुशाल ठोकून देतात. खरं सांगायचं तर मी एकही लढाई पाहिली नाही. जन्मभर मास्तरकी केली.

आमच्याआधी मुलं संथ विमानावर शिकून थेट भन्नाट वेगाच्या लढाऊ विमानात बसत. मधली पायरीच नव्हती. अपघातांत बरीच मुलं गेली, तेव्हा कुठे आम्हाला घडवलं. पुढे शिष्य, मागे गुरू. दोघांपुढे विमान वळवायचा एकेक दांडा, आतून जोडलेला. एक हलला की दुसराही हलतो. पण मागच्याला पुढच्याचे हात दिसत नाहीत. म्हणून दांडा सोपवताना ठरलेले इंग्रजी शब्दच बोलायचे, असा कडक नियम.

माझी एक शिष्या मिनल, इथल्या नागपूरजवळच्या कन्हानची. वडील गोपाळराव कोळशाच्या खाणीत कामाला. पोरीचा हात असा हलका, की मला वळवलं कधी ते मलाच कळायचं नाही. शिकवणारे जितेंद्र सर सावनेरचे. एवढ्या दूर, परमुलखातल्या हवाई तळावर गावाकडची मुलगी भेटली म्हणून ते खूश. जमिनीवर दोघं नागपुरी बोलत. हळूहळू आकाशातही बोलू लागले. मला ते फार गोड वाटायचं. वाटायला नको होतं.

त्या दुपारी उतरताना आडवा वारा सुटला. मिनलनं विचारलं, "सर, तुमी घेता काय?"

"राहू दे वं," सर म्हणाले.

त्यांना म्हणायचं होतं, तुझ्याकडेच राहू दे. तिला वाटलं, सोड, मी घेतो. तिनं लगेच हात काढले. सरांचे हात मांडीवरच होते. तीन सेकंद मी कुणाच्याच हातात नव्हतो. पंख धावपट्टीवर आपटला आणि माझा कणा मोडला. दोघं वाचले.

चौकशीत मिनलनं घडलं ते सांगितलं. सर म्हणाले, मी असं काही बोललोच नाही, मुलगी घाबरली आणि तिनं दांडा सोडला. आवाज टिपणारं माझं यंत्र नेमकं बिघडलेलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते. तिचं उड्डाण कायमचं बंद झालं. सर पुढे बढतीवर गेले. मला इंजिन काढून, रंग फासून इथे आणून बसवलं.

आता पोटात कबुतरं आहेत. चाकांपाशी लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकतात. त्याचं मला काही नाही.

गेल्या रविवारी मिनल आली होती, गोपाळरावांबरोबर. आता ती इथल्याच लकडगंजात एका ठोक व्यापाऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. बराच वेळ ती माझ्या पंखाखाली उभी राहिली, पण तिनं मला हात लावला नाही.

गोपाळरावांनी हळूच विचारलं, "काहून सोडलं होतं वं तुनं?"

पूर्वी ती भांडली असती. सगळ्यांशी भांडलीच होती. त्या दिवशी मात्र ती खाली बघत म्हणाली, "मीच भेली असन, बाबा. आता मलेही तसंच वाटते."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला कुठला आवाज? ती दोघं फाटकातून बाहेर पडली, ऑटोत बसली आणि गेली.

तुम्ही कधी लकडगंजात गेलात, तर तिला एवढंच सांगा, की ती भ्याली नव्हती. मी तिच्या हातात होतो, मला ठाऊक आहे.