तिसरा आवाज

मृणालिनी टिपणीस यांना सुरांच्या बाबतीत कुणी कधी फसवलं नव्हतं. मिरजेहून विशारद होऊन आलेल्या, कॅनडात ओटावाच्या मराठी मंडळात चाळीस वर्षं पेटी धरून बसलेल्या, आणि कुणाच्याही लेकीचं गाणं संपलं की "छान, पण गंधार तपास गं" असं तोंडावर सांगणाऱ्या. लोक त्यांना वचकून असत आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत असे. पण २०१७ च्या मार्चमध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या डोक्याचा जो भुगा झाला तसा आयुष्यात कधी झाला नव्हता.

सुरुवात बेसमेंटमधून झाली. त्यांचे यजमान जनार्दन जाऊन दोन वर्षं होत आली होती. रिकामं घर खायला उठतं म्हणून त्यांनी बेसमेंट शिवांगीला भाड्याने दिलं होतं. शिवांगी सांगलीची, इथल्या कॉलेजात शिकणारी आणि उरलेल्या वेळात जुन्या सामानाच्या दुकानात काम करणारी. त्या दुकानातून तिने एक रेकॉर्ड प्लेयर आणि डझनभर जुन्या रेकॉर्ड उचलून आणल्या. कव्हरं भिंतीवर लावायला म्हणे. मृणालिनीबाईंना हे काही झेपलं नाही, पण पोरगी वेळेवर दारातला बर्फ शोव्हल करून बाजूला काढायची, म्हणून त्या गप्प बसल्या.

त्यातल्या एका कव्हरावर लाल मोटार होती, मोटारीत सोनेरी केसांची मुलगी, आणि मोठ्या अक्षरात "जिमी अँड द स्टारडस्ट बॉईज". रेकॉर्ड अगदी हलक्या कंपनीची, ग्रोसरीच्या दुकानात साबणाशेजारी विकायची त्यातली. शिवांगीने सहज नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला फोन हातात घेऊन ती वर आली.

"काकू, काकांना युनिव्हर्सिटीत सगळे जॉन म्हणायचे ना? तुम्ही एकदा म्हणाला होतात."

"म्हणायचे. जनार्दन म्हणताना त्यांच्या जिभेला गाठ पडायची. का?"

"मग हे वाचा. I mean, कोणीतरी दुसराच असेल, पण वाचा."

हॅमिल्टनच्या ग्लेन नावाच्या एका माणसाने लिहिलेलं ते पान होतं. अशा स्वस्तातल्या रेकॉर्डमागे कोण गात होतं हे शोधून काढणं हा त्याचा वीस वर्षांचा नाद. त्याचं म्हणणं असं, की स्टारडस्ट बॉईज नावाचं काही नव्हतंच. कंपनीने कुणाच्या तरी जुन्या टेप घाऊक विकत घेतल्या आणि मनाला येईल ती नावं छापली. एकाच चौकडीचं एक गाणं एका बाजूला जिमीच्या नावावर आणि दुसरं उलट्या बाजूला भलत्याच नावावर. जिमीही खोटा आणि मोटारीतली मुलगी तर फक्त फोटोपुरती. खरे गाणारे म्हणजे टोरांटोच्या डफरिन स्ट्रीटवरची चार पोरं, "द डफरिन्स", १९६२ सालची. त्यांची स्वतःची रेकॉर्ड कुठेच उरलेली नाही. तिघांची नावं ग्लेनला सापडली होती. दोघे वारले होते आणि तिसरा केअर होममध्ये होता, त्याला आता काही आठवत नव्हतं. चौथ्याबद्दल त्याने एवढंच लिहिलं होतं: जॉन, भारतातून आलेला इंजिनियरिंगचा विद्यार्थी.

मृणालिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेच पान पुन्हा वाचलं. जनार्दन १९६१ ते ६३ टोरांटोत सिव्हिलला होते हे खरं. पण जनार्दन आणि गाणं? सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने मंडळाच्या कार्यक्रमाला वायरी ओढल्या, माइक लावले, खुर्च्या मांडल्या. गाणं सोडून सगळं केलं.

"हे आमचे नव्हेत," त्या म्हणाल्या. "ह्यांना सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं."

"ओके. पण मी ग्लेनला ईमेल केलाय," शिवांगी म्हणाली. "सॉरी, विचारायला हवं होतं."

ग्लेनचं उत्तर तासाभरात आलं आणि घोळ आणखी वाढला. तो डफरिन्सची गाणी नव्याने काढत होता, या खेपेला खऱ्या नावांनी. कव्हर शुक्रवारी छापायला जाणार होतं. घरच्या कुणी आवाज ओळखला तर चौथं नाव छापता येईल. नाहीतर तिथे "अज्ञात" असं छापावं लागेल. मिसेस टिपणीस कृपा करून ऐकतील का?

म्हणजे चार दिवस. हो म्हणावं आणि माणूस भलताच निघाला तर कुणा परक्याच्या गाण्यावर आपल्या नवऱ्याचं नाव चढवल्यासारखं होईल. नाही म्हणावं आणि ते खरंच जनार्दन असले तर त्यांचं नाव आपल्याच हाताने पुसल्यासारखं.

त्यांनी मिल्टनला राहणाऱ्या राजन देवस्थळींना फोन लावला. टोरांटोत जनार्दन आणि राजन एका खोलीत राहिले होते.

"जनार्दन गायचा?" राजन हसले. "वहिनी, काहीतरीच काय. अभ्यास सोडून दुसरं काही माहीत नव्हतं त्याला. दर बुधवारी संध्याकाळीसुद्धा लॅबला जायचा. मी आपला ग्रोसरी करून यायचो."

"बुधवारी कसली लॅब?"

राजननी जुनं टाइमटेबल आठवून पाहिलं. "आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सिव्हिलवाल्यांना बुधवारी लॅब नव्हतीच. माझ्या हे पन्नास वर्षांत कधी डोक्यात आलं नाही."

फोन ठेवल्यावर बाई कपाटाकडे गेल्या. जनार्दनांच्या फायली नीट लावलेल्या होत्या: टॅक्स, गॅरंटी कार्डं, विंटर टायर्सच्या पावत्या. एक फोटो नाही की एक चिठोरं नाही. ज्या माणसाचे मोजे कुठल्या खणात असतात हेसुद्धा आपण झोपेत सांगू, त्याच्या दर बुधवारच्या संध्याकाळी कुठे गेल्या हे आपल्याला माहीत नाही, याचा त्यांना राग आला. आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना.

दुपारी त्या गुडघे सांभाळत बेसमेंटमध्ये उतरल्या. शिवांगीने सुई ठेवली. खरखर झाली आणि मग चार पोरं एकदम बोलायला लागल्यासारखं काहीतरी सुरू झालं. एकजण वरच्या आवाजात स्ट्रीटकारच्या, म्हणजे ट्रामच्या, थांब्यावर कुणाची तरी वाट बघत होता आणि बाकीचे मागे "डू-वॉप, शू-बी-डू" करत होते. वाद्यं म्हणजे एक लांबून वाजणारी गिटार.

"याला डू-वॉप म्हणतात," शिवांगी म्हणाली. "म्हणजे मागचे लोक गातात त्याला अर्थ नसतो."

"अर्थ तराण्यालाही नसतो," बाई म्हणाल्या. "पण तिथे सगळे एका सुरावर असतात. इथे चौघांचं चार दिशांना तोंड आहे."

त्यांनी पाच वेळा ऐकलं, सहा वेळा ऐकलं. बोलताना जनार्दनांचा आवाज किंचित घोगरा होता. तसा इथे कुणाचाच नव्हता. एकदा वाटलं, खालचा जाड आवाज त्यांचा. पुढच्या वेळेला वाटलं, छे, मुळीच नाही. एकदा तर चौघेही जनार्दन वाटले. आपल्या नवऱ्याचा गाण्यातला आवाज कसा होता, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. ऐकला कुठे होता?

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, भावनेच्या भरात ऐकून काही होणार नाही. त्या वही-पेन्सिल घेऊन खाली गेल्या. कुठलीही नवी चीज हाती आली की त्या आधी स्वरलिपी उतरवून घेत, तसंच हे उतरवायचं. एकेक आवाज सुटा करायचा.

"लावत राहा. मी सांगेपर्यंत थांबू नकोस," त्यांनी शिवांगीला बजावलं.

मुख्य गाणाऱ्याची ओळ सोपी होती. खालचा जाड आवाजही सोपा, सा आणि पंचम सोडून तो फारसा हलत नव्हता. वरून पातळ आवाजात तरंगणारा सापडायला तासभर लागला. चौथा मात्र हाती लागेना. तो मुख्य गाणाऱ्याच्या जरासा खाली, त्याला चिकटून चालत होता; सारखा असून नसल्यासारखा. बाईंनी डोळे मिटून त्याचा माग काढला, एकेक स्वर टिपला, चुकला तर खोडला. संध्याकाळपर्यंत पान भरलं.

"आता बंद कर," त्या म्हणाल्या. "हे एकटं कसं लागतं बघते."

त्यांनी वहीतून वाचून ती ओळ गुणगुणायला सुरुवात केली. एकटी ती फारच विचित्र लागत होती. धड चाल नाही, जिथे वर जायला हवं तिथे खाली, जिथे थांबायला हवं तिथे पुढे. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्या थांबल्या. पुढचे स्वर बघायला त्यांना वहीची गरज नव्हती. त्यांना ते पाठ होते.

बटाटे सोलताना, बर्फ काढताना, गाडी धुताना हेच चालायचं जनार्दनांचं. लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हापासून पहिली चार-पाच वर्षं. "अहो, सूर धरता येत नसेल तर गप्प तरी बसा," असं त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नव्हती. कारण ते खरोखरच चुकीचं लागायचं, बिनडोक्याचं, बिनशेपटाचं. गाण्याचा उरलेला भाग टोरांटोत तीन पोरांपाशी राहिला आहे, हे त्यांना कुठून कळणार?

आणि मग त्यांना बाकीचंही आठवलं. त्या सकाळी रियाजाला बसत तेव्हा स्वयंपाकघरातून जनार्दन, रेकॉर्डमधल्या त्या आवाजासारखाच, त्यांच्या खालचा सूर लावायचे. त्यांच्या गंधाराला खाली षड्ज धरायचे. बाई तंबोरा थांबवून ओरडायच्या. मंडळाच्या गणपतीत, चौऱ्याहत्तर साली, आरतीला पन्नास माणसं एका सुरात गात असताना ह्या माणसाने शेजारी उभं राहून वेगळाच सूर धरला होता, आणि बाईंनी सगळ्यांदेखत त्यांना कोपराने ढोसलं होतं. त्यानंतर जनार्दनांनी आरतीला फक्त झांजा वाजवल्या, आणि घरातलं गुणगुणणंही थांबलं. एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणालेही होते, "टोरांटोत आम्ही चौघं गायचो." त्यावर "कुठे, बाथरूममध्ये?" असं मृणालिनीबाईंनी विचारलं आणि सगळे हसले. जनार्दनही हसले होते. मग तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

"काकू? काय झालं?"

"ते चुकत नव्हते," बाई म्हणाल्या. "माझ्याबरोबर गात होते."

शिवांगीला नीटसं कळलं नाही, पण तिने जाऊन पाणी आणलं. बाई रडल्या. चांगल्या मोठ्याने रडल्या, दोन वर्षांपूर्वी रडल्या नव्हत्या एवढ्या.

शुक्रवारी सकाळी शिवांगीने फोन स्पीकरवर ठेवला. ग्लेनचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा आणि अदबशीर होता. बाईंनी त्याला आपल्या इंग्रजीत सगळं सांगितलं: मुख्य आवाजाखालचा, वरून मोजला तर तिसरा आवाज, तो जनार्दन टिपणीस यांचा. त्यांनी स्पेलिंग एकेक अक्षर करून दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं.

"तुमची शंभर टक्के खात्री आहे ना, मॅडम?" ग्लेनने विचारलं. "मला परत चुकीचं नाव छापायचं नाही."

"मला ती ओळ पाठ आहे. रेकॉर्ड न ऐकता पाठ आहे."

"वंडरफुल. प्रत्येकाबद्दल मी दोन ओळी लिहितोय. पुढे काय केलं, गाणं चालू ठेवलं का, असं. जॉननी, सॉरी, जनार्दननी नंतर गाणं चालू ठेवलं?"

शिवांगीने बाईंच्या हातावर हात ठेवला. "काकू, सांगा ना, घरी गायचे म्हणून. खोटं नाहीये ते," ती हळूच म्हणाली.

मृणालिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि कुणी तपासायलाही येणार नव्हतं. फोनमधून ग्लेनच्या पेनची टकटक ऐकू येत होती.

"लिहा," त्या म्हणाल्या. "घरी रोज गायचे. पाच वर्षं. मग बायकोने सांगितलं की तुमचा सूर चुकतो, म्हणून बंद केलं."

ग्लेनच्या पेनची टकटक थांबली. "मॅडम, हे असंच छापू?"

"असंच छापा. आणि बायको गाणं शिकलेली होती, तेही लिहा."