दोन सुया

सुईमास्तरांनी सुईच्या टोकावर जमलेली काळी लव फुंकून उडवली आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.

"अहो, चरचरतंय," आतून बायको म्हणाली.

"तुझी कढई चरचरत असेल."

"कढई कधीच उतरवली. मी भांडी पुसतेय."

रेकॉर्ड प्लेअरच्या सुया बदलण्यात चाळीस वर्षं गेलेल्या माणसाला आता स्वयंपाकघरातून कोणी शिकवायचं, म्हणजे कहरच झाला.

रेकॉर्ड सिस्टरची होती. दवाखान्यातून निवृत्त होऊन तिला पाच वर्षं झाली, तरी गल्लीला ती सिस्टरच. तिचा थोरला भाऊ एकोणिसाव्या वर्षी बोटीवर नोकरीला निघाला. जायच्या आदल्या दिवशी तो एका दुकानातल्या काचेच्या खोलीत शिरला आणि आईसाठी दोन मिनिटं बोलला. तिथलं यंत्र माणूस बोलेल तशी जागच्या जागी रेकॉर्ड कोरून द्यायचं. सहा महिन्यांनी बोटीच्या इंजिनखोलीत आग लागली आणि मुलगा गेला तो गेलाच. मागे राहिली ही रेकॉर्ड. पुढे घरच्या प्लेअरची सुई मोडली, ती बनवणारी कंपनी बुडाली, आणि रेकॉर्ड कपाटात जाऊन पडली. आता आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. "एकदा त्याचा आवाज ऐकव, मग मी जायला मोकळी," असा तिने धोशा लावला होता.

"मऊ असते हो ही, साध्या रेकॉर्डसारखी नाही," रेकॉर्ड आणि घरचा प्लेअर देताना सिस्टरने बजावलं होतं.

"मला सांगता?" मास्तर हसले होते. अशी रेकॉर्ड दर खेपेला थोडी झिजते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

दोन महिने त्यांनी सुई शोधली. ओळखीपाळखीची सगळी दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे दोन हाती लागल्या. एक हल्लीची नक्कल, हलक्या प्लास्टिकची. दुसरी अस्सल, मूळ कंपनीची, पन्नास वर्षांत पाकीटसुद्धा न फोडलेली. ते पाकीट फोडण्याआधी मास्तरांनी दोनदा हात धुतले. शिरस्त्याप्रमाणे दोन्ही सुया त्यांनी आधी आपल्या दुकानातल्या एका साध्या रेकॉर्डवर लावून पाहिल्या. नक्कल तोंडात घास घेऊन बोलावं तशी गुळमुळीत वाजली. अस्सल सुईचा मात्र शब्दन्‌शब्द सुटा, खणखणीत. तुलना करायची ती काय! जुनं ते सोनं.

पण रबराचं कधी सोनं होत नाही. सुई रबराच्या एका कणावर तोललेली असते. तो कण लवचीक असला तरच ती रेकॉर्डच्या रेघेबरोबर वाकते. पन्नास वर्षांत त्या रबराचा दगड झाला होता. बोटाने हलकेच दाबलं असतं तर कळलं असतं. दुसरी कुठली सुई असती तर मास्तरांनी दाबलीही असती. अस्सल मालावर बोट दाबायचा त्यांना धीर झाला नाही. आणि दुसरं म्हणजे, तीन-चार वर्षं झाली, बारीक, वरचे आवाज त्यांच्या कानांनी सोडून दिले होते. कुकरची शिट्टी झाली हे बायको येऊन सांगायची. जगाला जे किंचाळणं, ते मास्तरांना खणखणीत. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण स्वतःशी कबूल कोण करणार?

दुपारी सुईवर पुन्हा लव दिसली, तेव्हा त्यांनी भिंग घेतलं. ती धूळ नव्हती. रंधा मारताना लाकडाची सालपटं निघतात, तशी बारीक काळी सालपटं होती. भिंग रेकॉर्डवर धरलं, तर सकाळी चकाकणाऱ्या काळ्याभोर रेघा करड्या पडलेल्या. पोराचे शब्द नीट लागावेत म्हणून सकाळपासून चार वेळा लावली होती.

त्यांनी नकली सुई बसवली आणि बायकोला हाक मारली. "बस इथे. ऐक आणि खरं सांग."

तिने ऐकलं. "नुसती खरखर आहे. मधेच कोणीतरी पत्र्यामागून बोलतंय."

"आणि सकाळी? पहिल्यांदा लावली तेव्हा?"

"तेव्हा पोरगा स्पष्ट बोलत होता की. 'आई, माझ्यासाठी जेवायची थांबू नकोस' म्हणाला. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं."

"मग आवाज बिघडत चाललाय हे मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली.

मास्तर लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेअर उचलून ते सिस्टरच्या दारात उभे राहिले. आत पाऊल टाकण्याआधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं, कानांचंसुद्धा. सिस्टर पायरीवर बसली.

"किती उरलंय?"

"मला कळत नाही. बायको म्हणते, थोडंसं."

"दोन महिने सुई शोधलीत, मास्तर. कान तपासायला एक दिवस मिळाला नाही?"

पायरीचा आधार घेत ती उठली. "आईला काही बोलू नका. पहाटेपासून केस विंचरून घेऊन बसलीये."

म्हातारी उशीला टेकून बसली होती. मास्तरांनी प्लेअर खाटेजवळ मांडला, नकली सुई अलगद टेकवली. खोलीत खरखर सुरू झाली. म्हातारीने डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"हा कोण?"

"दादा आहे गं आई," सिस्टर म्हणाली. दवाखान्यात आयुष्यभर वापरलेल्या समजुतीच्या सुरात ती बोलत होती. "रेकॉर्ड जुनी झालीये, म्हणून असं वाटतंय."

"मला नको सांगूस. मी जन्म दिलाय त्याला. हा तो नाही."

"आई, ऐक तरी."

"बंद करा. त्याचा आवाज आहे माझ्या कानात. तो तरी राहू द्या."

मास्तरांनी सुई उचलली. रेकॉर्ड फिरतच राहिली, आणि ती थांबेपर्यंत तिघंही तिच्याकडे बघत बसली.